नकाशात मी घातलेली नदी

मस्कतमध्ये सत्तावीस वर्षं मी पुराची गणितं मांडून पोट भरलं, असं सांगितलं की पुण्यातले नातेवाईक आधी हसतात आणि मग विचारतात, "तिकडे पाऊस पडतो?" पडतो. वर्षातून चार-पाच दिवस पडतो, आणि त्यातल्या एखाद्या दिवशी असा पडतो की डोंगरातून दगड, खजुरीची खोडं, शेळ्या आणि कुणाचा तरी फ्रीज असं सगळं एकत्र खाली येतं. पाणी ज्या वाटेनं उतरतं त्या कोरड्या पात्राला इथे वादी म्हणतात. एरवी त्यात फक्त गोटे असतात. गाडी घालावी, चटई अंथरून बिर्याणी खावी, इतकी निवांत जागा. माझं काम होतं ही निवांत जागा एक दिवस किती पाणी वाहून आणेल ते काढायचं, आणि नकाशावर रेघ मारून सांगायचं की या रेघेच्या आत कुणी घर बांधू नका.

या कामात कौतुक कुणी करत नाही. पूर आला नाही तर लोक म्हणतात, उगाच जागा अडवली. आला तर म्हणतात, आधी का नाही सांगितलं? एका गृहस्थांना मी 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' समजावून सांगत होते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तो दोन वर्षांपूर्वी येऊन गेला. म्हणजे आता अठ्ठ्याण्णव वर्षं मोकळीक आहे ना?" त्यांना लेखी हमी हवी होती. शेवटी मी म्हटलं, हमीच्या जागी इन्शाल्ला लिहून देते. ते चक्क तयार झाले!

आले तेव्हा मीही काही कमी शहाणी नव्हते. पुण्यात पाटबंधाऱ्याच्या कामाचा अनुभव होता, त्यामुळे नदी आपल्याला कळते असा समज होता. पहिल्याच रस्त्याला मी वादीखालून दोन छान पाइप दिले. आमचे साहेब, सईद, हे ओमानी इंजिनिअर. कमी बोलणारे आणि फार सभ्य. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं, मला गाडीत बसवलं आणि एका जुन्या रस्त्यावर नेलं. तिथे असेच दोन पाइप कुणीतरी घातले होते. गोट्यांनी आणि खोडांनी ते गच्च भरले होते, आणि पाण्यानं बाजूनं वाट काढून अख्खा रस्ता उचलून नेला होता. "मुहंदिसा," म्हणजे इंजिनिअरबाई, ते म्हणाले, "आमच्याकडे वादीला खालून जा म्हणत नाहीत. रस्ताच खाली वाकतो, वादी वरून जाते." तेव्हापासून मी रस्ते वाकवायला शिकले.

दुसरे गुरू दाऊदभाई. श्रीवर्धनकडचे, आमच्या ऑफिसचे फील्डवरचे माणूस. शिक्षण सातवीपर्यंत, पण माझ्या आधी बारा वर्षं ते ओमानभर वाद्या मोजत हिंडले होते. आम्ही पात्राच्या काठाला लोखंडी नळ्या उभ्या करायचो. नळीत एक लाकडी पट्टी आणि तळाशी बुचाचा भुगा. पाणी चढलं की भुगा तरंगत वर जातो, ओसरलं की पट्टीला चिकटून राहतो. पूर येऊन गेल्यावर दाऊदभाई पट्टी काढून आणायचे आणि माझ्या टेबलावर ठेवायचे. भुग्याची ती रेघ पाहिली की पुढचं सगळं गणित मी मांडायचे. माझ्या नावावर जे काही चांगलं काम आहे त्यातलं निम्मं त्या माणसानं उन्हात उभं राहून केलेलं आहे, हे इथे स्वच्छ लिहून ठेवते.

आता माझ्या हातून झालेला घोटाळा सांगते.

अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात, बॉयलररूमसारख्या गरम प्रिंटरच्या खोलीबाहेर, एक जुना नकाशा फ्रेम करून लावला होता. मूळ नकाशा लॅटिनमधला. कुणा ग्रीक भूगोलकारानं जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी खलाशांकडून ऐकून जे आकडे लिहून ठेवले, त्यावरून युरोपात पुढे छापलेला. स्वतः तो इथे आला नव्हता असं म्हणतात. अरबस्तानचा आकार कुणी उशीवर बसून उठावं तसा चपटा. आणि त्या चपट्या देशाच्या पूर्वेला, ओमानच्या बाजूला, एक नदी डोंगरातून वळत वळत समुद्राला मिळते. तिच्या वळणाबरोबर वळत जाणारी अक्षरं: होर्मानुस. ज्या देशात बारमाही नदी नाही त्या देशात एवढी ठसठशीत नदी! ही आजची नेमकी कुठली वादी, यावर विद्वानांचं एकमत नाही. मी प्रिंट निघेपर्यंत रोज त्या नदीसमोर उभी राहायचे. तिचा मला लळाच लागला म्हणा ना.

एकदा रुसैलच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका रस्त्याचं काम होतं. मोठ्या वादीला तिचं नाव होतं, बारक्या फाट्यांना आम्ही नंबर दिले होते. फाटा क्रमांक सतरा काढताना मला वाटलं, त्या जुन्या नकाशासारखी वळणदार अक्षरं आपल्याला जमतात का बघू. मी सतरा नंबरच्या रेघेवर इंग्रजी लिपीत 'होर्मानुस' लिहिलं. कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये थर असतात. रस्त्याचा एक, पाण्याचा एक, असे. हे नाव मी 'छापायचं नाही' अशा थरावर ठेवलं. दाऊदभाईंना दाखवलं, आम्ही दोघं हसलो, मी चहाला गेले. आल्यावर घाईत सगळे थर चालू करून प्रिंट दिली आणि ड्रॉइंग गेलं.

मला हे कळलंसुद्धा नाही. ड्रॉइंगच्या धंद्यात कुणी कोरा कागद घेत नाही, मागचं ड्रॉइंग घेऊन पुढचं करतात. माझं नाव तिथून विजेच्या लाइनच्या नकाशात गेलं, तिथून पाण्याच्या पाइपलाइनच्या नकाशात, आणि चार वर्षांत चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या कागदांवर ते रीतसर बसलं. आमच्या धंद्यात तेव्हा अशी रीत होती की नाव असलेल्या वादीला हात लावायचा नाही, दोन्ही काठांना जागा सोडायची. बिननावाचा फाटा बारका समजून भरून टाकला, खालून पाइप घातला, तरी चालून जायचं.

मग एक दिवस ऑफिसात अर्बाब नासिर आले; अर्बाब म्हणजे मालक, शेठ. पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात काठी, आणि ऐन तारुण्यात मुंबईला व्यापार केल्यामुळे खणखणीत हिंदी. रुसैलच्या पलीकडची ती जागा त्यांची होती. तिथे त्यांना गोदाम आणि साठ कामगारांसाठी राहायच्या खोल्या बांधायच्या होत्या, आणि सात महिने त्यांची परवानगी अडली होती. त्यांनी नकाशा माझ्या टेबलावर पसरला.

"मैडम, ये कौन सा वादी है? मेरा बाप इधर बकरी चराया, मेरा दादा चराया. ये नाम कोई नहीं बोला. आपके ऑफिस का ड्रॉइंग है, आप बोलो."

ती वळणदार अक्षरं माझीच होती. "बघून सांगते," एवढंच मी बोलले. पुढच्या आठवड्यात मजलिसला, त्यांच्या घरच्या बैठकीला, या म्हणून त्यांनी सांगितलं आणि ते गेले.

परिस्थिती अशी होती की त्याच वर्षी विवेकची, माझ्या नवऱ्याची, कंपनी बंद पडली होती. आम्हा तिघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर. अमेय बारावीत. सरकारदरबारी गेलेल्या ड्रॉइंगवर गंमत म्हणून खोटी नदी लिहिली, हे कबूल केलं तर दुसऱ्या दिवशी सामान बांधावं लागेल अशी माझी खात्री होती.

दाऊदभाईंना गाडीत सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, "नाव तं काडाल म्याडम. पन पानी काडता येल काय? मी नवीन आयलेलो तवा त्या सतरा नंबरात पानी बघलंय. मोटी वादी वर भरली का ती हय फुटते. माजी जीप तिनं अर्दी गाडून टाकलेली."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या गणितात मोठी वादी तिथे डावीकडे वळत होती आणि सतरा नंबरला जेमतेम ओहोळभर पाणी येत होतं. दाऊदभाईंची नोंद कुठल्या वहीत नव्हती, कारण तेव्हा तिथे आमची नळीच नव्हती. म्हणजे गंमत बघा. माझं खोटं नाव त्या जागेला वाचवत होतं. मी गप्प बसले असते तर माझी नोकरी राहिली असती आणि त्या साठ माणसांच्या खोल्याही पात्रात आल्या नसत्या. गप्प बसायला यापेक्षा चांगलं कारण माणसाला मिळत नाही! तीन दिवस मी ते कारण मनात घोळवलं आणि अगदी समाधानात होते.

बौशर भागातल्या आमच्या घरी जेवताना विवेकशी हे बोलणं चाललं होतं. अमेयचं मराठी म्हणजे अडखळत चालणारी गाडी. तो ताटातून वर बघत म्हणाला, "आई, तू... नदी बनवली?"

"हो."

"पण मग लोकांना कळलं तर... तुझ्या बाकीच्या लाइन्स पण फेक वाटतील ना? त्या खऱ्या आहेत त्या?"

विवेक माझ्याकडे बघायला लागला. मला रागच आला आधी, पोराला काय कळतंय म्हणून. पण मी ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं मी शेकडो लोकांच्या जमिनीवर रेघा मारल्या होत्या. लोकांनी त्या मानल्या, कारण मारणारी बाई खोटं लिहीत नाही असं ते धरून चालले होते.

सकाळी सईदसाहेबांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. जीप गाडली गेल्याचंही सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मला वाटलं आता म्हणतील, खलास. ते म्हणाले, "नाव काढून टाकायचं. अर्बाबना तूच सांगायचं. आणि सांगण्याआधी पाणी शोधून आण. यल्ला, चल, मीही येतो."

आम्ही तिघं त्या जागेवर गेलो. दाऊदभाई सरळ एका समुरच्या, म्हणजे इथल्या बाभळीच्या, झाडाशी गेले आणि फांद्यांत हात घालून त्यांनी वाळलेल्या, इथल्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकलेल्या गवताचा एक पुंजका दाखवला. माझ्या डोक्यापेक्षा वर. मी म्हटलं, "वाऱ्यानं आलं असेल." वारं गवत एका फांदीला अडकवतं; पाणी ते सगळ्या झाडांना एकाच उंचीवर अडकवतं, असं म्हणून ते पुढच्या झाडाकडे गेले. मी दुर्बीण लावून एकेक उंची घेतली. सात झाडं. सातही ठिकाणी पुंजका एकाच पातळीला. सातवं झाड झाल्यावर मी आकडे पुन्हा तपासले, कारण ज्या ठिकाणी कामगारांच्या खोल्या आखल्या होत्या तिथे ती पातळी खिडकीच्याही वर जात होती.

काठावर उम्म राशिद नावाच्या म्हाताऱ्या बाई मधमाश्या पाळायच्या. सईदसाहेबांनी त्यांना अदबीनं सलाम केला, त्यांनी आधी आम्हाला कॉफी पाजली, मग विचारू दिलं. सईदसाहेब आम्हाला हिंदीत सांगत गेले. बाईंच्या लग्नानंतरच्या साली या बाजूनं पाणी आलं होतं आणि शेळ्यांच्या गोठ्याची भिंत घेऊन गेलं होतं. उरलेली अर्धी भिंत त्यांनी दाखवली. मी विचारलं, या फाट्याला तुम्ही काय म्हणता? त्या हसल्या. जो येत-जात असतो त्याला नावानं हाक मारायची, हा तर माझ्या आयुष्यात दोनदाच आला, याला काय नाव ठेवायचं?

अर्बाबच्या मजलिसमध्ये आम्ही गेलो. खजूर झाले, कॉफी झाली. पुरे झाली की फिंजान, तो कॉफीचा बारका पेला, हलवून परत द्यायचा, एवढी रीत मला ठाऊक होती, पण त्या दिवशी मी विसरले आणि माझा पेला चार वेळा भरला गेला. शेवटी सईदसाहेबांनीच माझ्या हातातून तो घेतला. मी उभी राहिले. बसा म्हणाले तरी उभीच राहिले.

"अर्बाब, वो नाम मैंने लिखा. मज़ाक में. ऐसा कोई वादी नहीं है. आपका सात महीना मेरी वजह से गया. मैं माफ़ी माँगती हूँ."

त्यांचा चेहरा बदलला. मजलिसमधली बाकीची माणसं हातातला खजूर तसाच धरून बसली. "सात महीना," ते म्हणाले, "आपके मज़ाक के लिए." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. मग म्हणाले, "ठीक है. नाम खलास. मैं कल से काम शुरू करूँगा."

मला तिथे गप्प बसता आलं असतं. माफी झाली होती, नोकरी वाचली तर वाचली होती. पण मी सात झाडांच्या उंच्यांचा कागद पुढे केला. "नाम खलास, अर्बाब. पानी नहीं. आप एक बार मेरे साथ चलिए, फिर जो करना है करिए."

"अभी मैं आपका दूसरा काग़ज़ कैसे मानूँ?"

तेच खरं नुकसान होतं, आणि ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायलाही जमलं नाही.

"मेरा मत मानिए," मी म्हटलं. "उम्म राशिद का मानिए. आपके पड़ोस में है."

हे नाव ऐकून ते उठले. का ते मला नंतर कळलं. त्यांच्या आईच्या आजारपणात त्याच बाईंचा मध घरी यायचा. त्याच दुपारी ते जागेवर आले, उम्म राशिदच्या मोडक्या भिंतीपाशी दगडावर बसले, आणि दोघं अरबीत अर्धा तास बोलले. मी लांब उभी होते. दाऊदभाई माझ्या शेजारी उभे राहून पुटपुटत दुवा मागत होते. अर्बाब उठून आले ते माझ्याशी न बोलता दाऊदभाईंशीच बोलले. "आदमी लोग का कमरा किधर बनाऊँ?" दाऊदभाईंनी वरच्या टेकाडाकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली. गोदाम लहान झालं, खोल्या टेकाडावर गेल्या, आणि सतरा नंबरचं पात्र तसंच मोकळं राहिलं.

सईदसाहेबांनी मला नोकरीवरून काढलं नाही. शिक्षा मात्र दिली. माझं ड्रॉइंग जिथे जिथे गेलं होतं तिथे स्वतः पत्र घेऊन जायचं आणि नाव मी का लिहिलं ते माझ्या तोंडानं सांगायचं. आठ महिने मी ही वारी केली. कुणी हसलं, कुणी पाणी दिलं, एका तरुण ओमानी मुलीनं "तुम्ही सांगायला आलात हेच विशेष आहे" म्हणून कॉफी पाजली. एखाद्या जुन्या कपाटात तो नकाशा अजून असेलही. दोन हजार वर्षांनी कुणी विद्वान त्यावर भांडलेच, तर दोष माझा.

त्यानंतर माझ्या नोकरीची अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात सतरा नंबरला पाणी आलं नाही. अर्बाब भेटले की चिडवायचे, "मैडम, आपका नदी किधर है?" मी म्हणायचे, "इन्शाल्ला, नहीं आएगा." लोकांना वाटतं, पूर आला असता तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं. मला तसं कधीच वाटलं नाही. मी प्रत्येक पावसाळी ढगाला हात जोडले.

निवृत्तीच्या आधीच्या एका शुक्रवारी मी एकटीच तिकडे गेले. पात्रात क्रिकेट रंगलं होतं. टेकाडावरच्या खोल्यांतले कामगार, बंगाली, मल्याळी, दोन आपले रायगडकडचे. मी गाडी काठाला लावून खाली उतरले आणि पात्राच्या मध्यावर उभी राहून त्या झाडांकडे बघत राहिले. डोंगरावर एक काळा ढग चढत होता, माझं लक्ष नव्हतं. खेळ थांबला. त्यांनी स्टंप उपटले आणि सगळे काठावर चढायला लागले. त्यांतला एकजण परत फिरून माझ्याकडे पळत आला. तिशीचा असेल, घामानं भिजलेला, मला अजिबात न ओळखणारा.

"ओ मैडम, इधर खड़ा नहीं होने का," तो दरडावून म्हणाला. "ये पानी का रास्ता है. ऊपर चलो, ऊपर."

त्यानं हात पुढे केला, मी तो धरला, आणि त्यानं मला काठावर चढवलं.